थेंब डोळ्यात, परिणाम छातीत
अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळालेलं टिमोलॉल काचबिंदूवर आजही सर्रास दिलं जातं. डोळ्याच्या आत पाणी तयार होणं कमी करून ते दाब उतरवतं. पण थेंब डोळ्यातच थांबत नाही. अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतो. त्याने श्वासनलिका आवळू शकतात, नाडी मंदावू शकते; म्हणून दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) किंवा मंद नाडी असलेल्यांना तो धोक्याचा.

चाकणच्या फाउंड्रीत धूळ खाऊन दमा जडलेल्याने हे आधीच सांगावं. डोळ्यांच्या ओपीडीत इनहेलरचा विषय निघेलच असं नाही!

थेंब एकच. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. दिवसातून दोनदा सांगितलं असेल, तर नाइट शिफ्टमध्येही साधारण बारा तासांचं अंतर राखायचं. धाप लागली, चक्कर आली, तर लगेच डॉक्टरांना गाठायचं.