जंजीर आणि त्याचा चेंडू

गावात घरफोडी झाली, की तालुक्याहून पोलीस येतात. मोठी चोरी असली, तर जिल्ह्याहून श्वानपथक येते. श्वान म्हणजे कुत्रा. पथक म्हणजे तुकडी. जीपमधून एक दांडगा कुत्रा खाली उतरतो. त्याच्या गळ्यात पट्टा असतो. पट्ट्याचे दुसरे टोक एका पोलिसाच्या हातात असते. या पोलिसाला हस्तक म्हणतात. कुत्रा फुटलेल्या कुलपाचा वास घेतो आणि निघतो. मागच्या दारातून परसात, परसातून पांदीत, पांदीतून डांबरी सडकेवर. तिथे मात्र तो थांबतो, इकडेतिकडे फिरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, "श्वान सडकेपर्यंत जाऊन घुटमळले."

लोक हसतात. "एवढं दूध-अंडी खाऊन शेवटी घुटमळलंच की!" असे म्हणतात.

अहो, कुत्र्याने तर आपले काम चोख केले. चोर सडकेपर्यंत पायी आला आणि तिथे गाडीत बसला, हे त्याने सांगितले. पाय जमिनीवरून उचलले गेले, तिथे वासाचा माग तुटला. आता कुत्र्याने काय उडायचे?

हा वास कसला, ते समजून घेऊ. माणसाच्या कातडीचे बारीक बारीक कण सारखे गळत असतात. आपल्याला ते दिसत नाहीत. पण आपण चालतो, तिथे ते पडतात. प्रत्येक माणसाचा वास निराळा. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० ते ३० कोटी असतात. आमटी उकळू लागली, की आपल्याला आमटीचा वास येतो. कुत्र्याला त्यातला लसूण वेगळा, हिंग वेगळा, कोकम वेगळे कळते. त्याच्या नाकपुडीला बाजूने एक चीर असते. श्वास समोरून आत जातो आणि त्या चिरेतून बाहेर पडतो. त्यामुळे समोरचा वास फुंकरीने उडून जात नाही. पण कडक ऊन पडले, पाऊस झाला, किंवा शंभर माणसांनी ती जागा तुडवली, की माग बिघडतो. चोरीच्या घरी सारा गाव गोळा होतो, दाराला, कपाटाला हात लावतो. मग कुत्र्याने शंभर वासांतून एक वास कसा निवडायचा? म्हणून पोलीस येईपर्यंत त्या खोलीत कोणी पाऊल टाकू नये.

आता एका नामांकित कुत्र्याची हकिकत ऐका.

ठाणे शहरात वर्तकनगर म्हणून भाग आहे. तिथे पोलिसांची वसाहत आहे. अशा वसाहतीतल्या बायकापोरांना १९९३ सालचा मार्च महिना विसरता येणार नाही. घरचा माणूस कामावर गेला, की तो परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी एकामागून एक बाँब फुटले. २५७ माणसे मेली. आणखी बाँब कुठे कुठे दडवले असतील, कोणालाच ठाऊक नव्हते. रस्त्यावर बेवारस पिशवी दिसली, तरी लोक पळत सुटत.

त्या वेळी मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकात एक पिवळट रंगाचा लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा होता. त्याचा जन्म ७ जानेवारी १९९२ चा. म्हणजे वय अवघे चौदा महिने. पुण्याला शिवाजीनगरात पोलिसांचे कुत्र्यांचे शिक्षणकेंद्र आहे. तिथे शिकून तो डिसेंबर १९९२ मध्ये कामावर आला होता. नाव जंजीर. जंजीर म्हणजे साखळी. त्या नावाचा हिंदी सिनेमा १९७३ साली गाजला होता, त्यावरून हे नाव ठेवले.

स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर एक बेवारस स्कूटर उभी होती. जंजीर तिच्याजवळ गेला. आत आरडीएक्स नावाचे जबर स्फोटक आणि जिलेटिनच्या कांड्या होत्या. पुढे सिद्धिविनायकाच्या देवळाजवळ बेवारस बॅगा सापडल्या. त्यांत रायफली, पिस्तुले आणि हातबाँब निघाले. मुंबई, मुंब्रा आणि ठाणे या भागांत होऊ घातलेले आणखी तीन स्फोट त्याच्या नाकामुळे टळले, असे सांगतात. मुंब्रा वर्तकनगरहून काही लांब नाही. आपल्या अंगणातलेच म्हणा.

त्याच्या नावावरची सगळी नोंद अशी आहे: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ काडतुसे. डिटोनेटर म्हणजे बाँब पेटवणारी लहानशी नळी. ३,३२९ किलो म्हणजे शंभर किलोची तेहतीस पोती. किती घरे वाचली, त्याचा हिशेब कोण मांडणार!

आता तुम्ही म्हणाल, मुक्या जनावराला बाँब कसा कळतो? त्याला बाँब कळतच नाही. त्याला कळतो चेंडू. खरी गंमत इथेच आहे. शिकवताना स्फोटकाचा थोडासा नमुना लपवतात. कुत्र्याने तो हुंगला आणि तिथे बसला, की लगेच त्याला आवडता चेंडू देतात, थोपटतात, शाबासकी देतात. असे शेकडो वेळा करतात. मग त्याच्या डोक्यात एकच बसते. हा वास आला की गप बसायचं, चेंडू मिळतो. बसायचे का? भुंकला, पंजाने उकरले, तर बाँब फुटेल म्हणून.

या शिक्षणात काठी चालत नाही. मार खाल्लेला कुत्रा भितो. मग मालक खूश व्हावा म्हणून वास नसतानाही बसतो. तसे झाले तर सारेच खोटे.

या कुत्र्यांच्या स्पर्धाही होतात. दरसाल पोलीस कर्तव्य मेळावे भरतात, राज्याचे वेगळे आणि अखिल भारताचे वेगळे. चोराचा माग काढणारे, स्फोटके शोधणारे आणि गांजा-अफूसारखे पदार्थ शोधणारे, असे कुत्र्यांचे गट असतात. जिंकणाऱ्याला पदक मिळते. नमुना कुठे लपवला, ते हस्तकालाही सांगत नाहीत. कारण मोठे मजेशीर आहे. हस्तकाला ठाऊक असले, तर त्याची नजर तिकडे वळते, पट्टा किंचित सैल पडतो. कुत्रा हुशार असतो. तो नाकाने शोधायचे सोडून मालकाचे तोंड वाचतो.

कुत्र्यांची चढाओढ ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडशेजारच्या वेल्स देशात बाला गावी १८७३ साली मेंढपाळांच्या कुत्र्यांची परीक्षा झाली होती. कोणाचा कुत्रा मेंढरे नीट वळवतो, ते पाहायला लोक जमले होते. आपल्याकडच्या धनगराला यात नवल वाटणार नाही. त्याचा कुत्रा ही परीक्षा रोज देतो, फक्त बघायला कोणी नसते.

मैदानात कुत्रा हरला, तर एक पदक जाते. रस्त्यावर चुकला, तर माणसे जातात, आणि पहिले त्याच्या हस्तकाचे प्राण जातात. कुत्र्याला यातला फरक माहीत नसतो. त्याला दोन्ही ठिकाणी चेंडूच दिसतो. फरक माहीत असतो तो पट्टा धरणाऱ्याला. कुत्रा बेवारस वस्तूजवळ जातो, तेव्हा हस्तक मागेच असतो. शेपटी कशी हलते, मान कुठे वळते, यावर त्याचे डोळे खिळलेले. दमलेला कुत्रा तोंडाने धापा टाकतो, मग नाकाने नीट हुंगत नाही. म्हणून त्याला मधून मधून सावलीत बसवून पाणी पाजावे लागते. आणि दिवसभर शोधून काहीच सापडले नाही, तर तो खट्टू होतो. तेव्हा हस्तक स्वतःच एक नमुना लपवतो आणि त्याला शोधू देतो. चेंडू मिळाला, की गडी पुन्हा ताजातवाना.

जंजीरने अशी सुमारे आठ वर्षे काढली. शेवटी त्याला हाडांचा कॅन्सर झाला. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला. वय आठ वर्षे, दहा महिने. पोलिसांनी त्याला फुले वाहिली आणि सन्मानाने पुरले.  खात्यातल्या मोठ्या साहेबांनी त्याच्यापुढे मान वाकवली.

तशीच गोष्ट बीडची. तिथल्या पोलिसांच्या रॉकी नावाच्या कुत्र्याने तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासाला मदत केली. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्यालाही मानवंदना दिली. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्याचे नाव घेतले.