कापसाचा ओलावा आणि सोन्याचे कण

आदिलाबादच्या बाजार-आवारात कापसाचा हंगाम सुरू झाला की भावाइतकाच वाद ओलाव्यावरून होतो. सरकारी खरेदीच्या नियमानुसार ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्यावर सरळ नकार! एक-दोन टक्क्यांवर पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याचे वर्ष ठरते. भात विकणाऱ्या आमच्या किनारपट्टीलाही १७ टक्क्यांची मर्यादा ठाऊक आहेच.

हा ओलावा प्रकाशाने मोजता येतो. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड किरण पाणी शोषून घेते, १.४५ आणि १.९४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे तर विशेषच. परतलेल्या किरणांत त्यांची तूट किती, यावरून पाण्याचा अंदाज बांधतात. प्रश्न उरतो तो हे किरण टिपणाऱ्या पडद्याचा. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतका पातळ थर त्यासाठी चपळ खरा. पण पडलेल्या प्रकाशापैकी तो जेमतेम २.३ टक्के शोषतो. चाळणीत पाणी धरण्यासारखेच हे!

येथे सोने-चांदी उपयोगी पडते. धातूच्या अतिसूक्ष्म कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात आणि कणांमधील फटींत प्रकाश एकवटतो. तेथे ठेवलेला पातळ थर कितीतरी अधिक शोषतो. हार्टस्टाइन, कर्टली आणि त्सांग यांनी १९८० साली धातूच्या विरळ थराने रेणूंचे अवरक्त शोषण वाढल्याचे दाखविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुवर्णकणांमधील अंतरे बदलून सोने चक्क काळे केले. ते दृश्य प्रकाशाबरोबर निकटचे अवरक्त किरणही शोषते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ करता येते. खाऱ्या पाण्याशेजारी तहानलेल्या गावांनी याची नोंद घ्यावी.

तथापि शोषण वाढल्याची वार्ता आली की आम्ही आधी जमाखर्च मागू. वाढीतला किती वाटा त्या पातळ थराचा आणि किती खुद्द धातूने गिळलेला? वाफ करावयाची तर धातू तापणे हाच नफा. मोजणीच्या यंत्रात मात्र तो निव्वळ तोटा होय. हा हिशेब न मांडता दिलेले आकडे शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाहीत.

शिवाय हे किरण कापसाच्या ढिगात फार खोल शिरत नाहीत. वरचा थर उन्हाने वाळलेला आणि पोटात दव राहिलेले, अशा गाडीचा नमुना आतून हात घालूनच काढावा लागेल; आणि तो शेतकऱ्यासमोर काढला जावा, एवढी मागणी आजच करता येण्याजोगी आहे.