माजलगावचं जातं आणि किंग्स्टनची तबकडी

जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९६७ साली 'द पॅरागॉन्स' या गायकांच्या चमूनं 'द टाइड इज हाय' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं जॉन होल्टचं, स्टुडिओ ड्यूक रीड यांचा 'ट्रेझर आइल'. आपल्याला आवडलेल्या मुलीवर हक्क सांगणारे कितीही असोत, आपण माघार घ्यायची नाही, असं ठरवलेल्या पुरुषाचं हे साधं गाणं. पुढच्या तीन-चार वर्षांत यू-रॉय या कलावंतानं तीच जुनी मुद्रित पट्टी घेतली, पॅरागॉन्सचे आवाज मधूनमधून राहू दिले आणि रिकाम्या जागांत स्वतःचं तालबद्ध बोलणं भरलं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या 'ब्लाँडी' या बँडनं ते गायलं आणि ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. २००२ मध्ये 'अॅटॉमिक किटन' या तीन मुलींनी त्याला एक नवा तुकडा जोडला आणि ब्रिटनमध्ये ते पुन्हा पहिलं आलं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत थक्क करणारी जागा अगदी लहान आहे. ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी हिनं होल्टच्या गाण्यातला 'पुरुष' काढून तिथं 'मुलगी' घातली. चाल तीच, हट्टही तोच. पण आता माघार न घेणारी एक बाई झाली आणि गाण्याचा सगळा रोखच पालटला. दुसऱ्याचं गाणं उचलायचं, त्यातला एखादा शब्द बदलायचा आणि ते पूर्णपणे आपलं करून टाकायचं, ही केवढी मोठी कला आहे! आणि या कलेचं सगळ्यात मोठं भांडार शोधायला जमैकापर्यंत जावं लागत नाही. ते आपल्या बीड जिल्ह्यात, जात्याच्या खुंट्याशी सापडतं.

१९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीत काही बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या करून घेणारी मंडळी पुण्याची होती. गी पॉइटवँ हे मूळचे फ्रान्सचे, १९७२ साली भारतात आले आणि इथलेच झाले. त्यांच्यासोबत हेमा राईरकर होत्या. पुढे संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. गावोगावच्या बायकांशी बोलत, त्यांच्या ओव्या लिहून घेत या लोकांनी जो साठा उभा केला, त्याचा आकडा वाचून छाती दडपते: एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गायिका आणि शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून हा ठेवा पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहानं लोकांसमोर आणायला सुरुवात केली.

लाख ओव्या म्हणजे लाख वेगवेगळी गाणी असा याचा अर्थ नव्हे. त्यांतल्या कितीतरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. सीतेच्या वनवासाची ओवी एका गावात एका तऱ्हेनं येते, दुसऱ्या गावात वनवास तोच राहतो आणि सीतेशी बोलणारी बदलते, तिसऱ्या गावात गाणारी आपल्याच सासुरवासाचं दुःख सीतेच्या पदरात घालते. कुठं भाऊ असतो, कुठं लेक. अर्धी ओळ सगळ्यांची आणि उरलेली अर्धी जिची तिची.

हे घडतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. ओवी कागदावर उतरवली तर जेमतेम दोन ओळींची. गाताना मात्र बाई ती ओळ मोडते, अर्धी परत घेते, मध्ये 'गं बाई' किंवा सखीला घातलेली हाक पेरते, आणि त्या दोन ओळी चांगल्या लांबवर पसरतात. खाली जात्याची घरघर अखंड चालू असते. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं वैरण घालायची. समोरासमोर दोघी बसल्या असतील तर एकीनं ओवी धरायची, दुसरीनं झेलायची. फेरा कधी थांबत नाही, म्हणून लय कधी सुटत नाही. वर शब्दांनी कितीही हेलकावे घ्यावेत, खालचा दगड त्यांना सांभाळून घेतो. आणि चाल? तीही बांधलेली नाही. एका चालीवर शेकडो ओव्या बसतात आणि एकच ओवी गावागावांत निरनिराळ्या चालींवर ऐकू येते.

रेगे संगीत ऐकणाऱ्याला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. तिथं ढोल आणि बेस गिटार मिळून जो पाया रचतात त्याला 'रिडिम' म्हणतात, आणि एका रिडिमवर वेगवेगळे गायक आपापली गाणी चढवतात. ही रीत रुजली कशी, याची एक गोष्ट तिकडे सांगतात. स्पॅनिश टाऊनमध्ये रुडी रेडवुड नावाचे गृहस्थ आपली ध्वनियंत्रणा लावून लोकांना नाचवत असत. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी पॅरागॉन्सच्याच 'ऑन द बीच' या गाण्याची एक तबकडी तयार केली गेली आणि तीत गायकांचे आवाज घालायचेच राहून गेले. रेडवुडनी ती तशीच वाजवली. जमलेल्या गर्दीनं मोकळ्या संगीतावर स्वतःच गायला सुरुवात केली! तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला गायकाविना नुसतं संगीत द्यायची पद्धत पडली. गाण्याच्या एका बाजूला गाणारा आणि दुसऱ्या बाजूला तुमच्यासाठी मोकळी सोडलेली जागा. यू-रॉयसारखे लोक त्याच जागेत उभे राहिले, आणि पुढं १९८५ मध्ये वेन स्मिथच्या 'अंडर मी स्लेंग टेंग'चा पाया तर एका लहानशा कॅसिओ कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेल्या तालातून निघाला. त्यावरही शेकडो गाणी झाली.

जमैकात ही वाट तबकडीमुळं उघडली. आपल्याकडे ती किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. त्याच शतकात, परंपरा सांगते त्याप्रमाणे ११८८ मध्ये, मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' ओवीत लिहिला. त्यांची समाधी बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत आहे. त्याच अंबाजोगाईत सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंत होऊन गेले. कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहेच, पण त्यांच्या 'गीतार्णवा'त सव्वा लाख ओव्या आहेत असं सांगतात. एका जिल्ह्यात एका माणसानं लिहिलेल्या लाखभर ओव्यांची ख्याती, आणि त्याच जिल्ह्यातल्या अक्षर न शिकलेल्या बायकांच्या तोंडी अशाच एका अथांग साठ्याचा वाटा. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की मला फार आनंद होतो.

ओव्यांना प्रवास कोण घडवतं? मुली. लेक नांदायला जाते तेव्हा माहेरच्या ओव्या बरोबर घेऊन जाते आणि सासरच्या जात्यावर बसल्यावर तिथल्या शिकते. पंढरीच्या वाटेवरही त्या फिरल्या असणार. मुक्ताबाईंची पालखी बीडवरून जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून. एका रात्रीच्या मुक्कामात एखादी ओवी सहज हात बदलते.

आता माजलगावकडे परत येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या कलेचं शिखर तिथं आहे. दळणाच्या सुरुवातीला ओव्या मोजून वाहायची जुनी रीत आहे: पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, तिसरी कुणाला. हा साचा घरोघरी होता आणि त्यातली मानाची जागा देवांची, संतांची. भीमनगरच्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणी गायल्या त्या बाबासाहेबांच्या, रमाईच्या, बुद्धाच्या ओव्या. जुन्या चाली आणि जुनी लय त्यांनी सोडली नाही, पण मानाच्या जागी नवं नाव आणून बसवलं. ज्या समाजाला देवळाच्या पायरीशी अडवलं गेलं, त्या समाजातल्या बायकांनी देवासाठी राखलेल्या जागेवर आपला माणूस बसवला आणि तो तिथं असा शोभला की जणू ती जागा पहिल्यापासून त्याचीच होती. यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, स्टुडिओ लागला नाही. डेबी हॅरीच्या एका शब्दानं गाण्यातला बोलणारा बदलला होता. इथं एका नावानं सगळं विश्व फिरलं.

एक फरक मात्र मोठा आहे. ब्लाँडीच्या तबकडीवर गीतकार म्हणून जॉन होल्टचंच नाव आहे, आणि स्वामित्वहक्काचा कायदा त्या नावामागं उभा असतो. ओवीला मालकीण नाही. आजवर कुणी म्हटलेलं नाही की ही ओवी माझी, तू गाऊ नकोस. याचा दुसरा अर्थ असा की शेकडो वर्षं बहुतेक बायकांची नावं त्यांच्या ओव्यांना लागली नाहीत. म्हणून पॉइटवँ आणि राईरकर यांनी जे केलं त्याचं मोल मला फार वाटतं. त्यांच्या संग्रहात ओवीपुढं गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. सातजणींनी एकच ओवी सात तऱ्हांनी गायली तर त्यांनी खरी कोणती आणि नक्कल कोणती असा निवाडा केला नाही. सातही ठेवल्या.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचं दळण थांबलं, हे खरं. पण लग्नघरी हळद दळायला जातं अजून बाहेर काढतात. म्हाताऱ्या बायका खुंटा धरतात, सुना हात लावतात, आणि आजीच्या लग्नात आजीच्या नावानं गायलेल्या ओवीत आता नातीचं नाव बसतं.