स्थैर्य सीमांतरे, नियंत्रण प्रणालीतील

पुनर्भरणयुक्त नियंत्रण प्रणाली अस्थिर अवस्थेपासून किती दूर आहे, हे दर्शविणाऱ्या राशी. प्रणालीच्या प्रदानाचा अंश आदानाकडे परत नेऊन इष्ट मूल्याशी त्याची तुलना करणे व आढळलेली त्रुटी कमी करणे म्हणजे पुनर्भरण होय. तथापि वलयातील प्रत्येक घटक संकेतास थोडा विलंब लावतो. एखाद्या कंप्रतेस हा विलंब अर्ध्या आवर्तनाइतका (१८०°) झाला, की त्रुटीच्या विरोधासाठी पाठविलेला संकेत तिलाच पुष्टी देऊ लागतो. त्या कंप्रतेस वलयाची लब्धी नेमकी १ असेल, तर आंदोलने शमत नाहीत. सभागृहात ध्वनिग्राहक ध्वनिक्षेपकाजवळ नेताच उमटणारी शीळ हे असल्याच आंदोलनांचे परिचित उदाहरण होय.

हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये वलयाची लब्धी व कला सदसत् प्रतलावर एकाच वक्राने दर्शविली. वलय मुळात स्थिर असल्यास या वक्राने −१ या बिंदूस वेढा न घालणे, ही स्थैर्याची कसोटी ठरली. कला −१८०° असताना लब्धी किती पट वाढविली असता वक्र या बिंदूतून जाईल, ते लब्धी सीमांतर. लब्धी १ असताना कलेत आणखी किती अंशांची घट चालेल, ते कला सीमांतर. ही दोन्ही एकाच वक्राची अंगे असल्याने सामान्यतः एकत्रच घटतात. उदा., एक समाकलक आणि १ व ०·५ सेकंद कालांकांचे दोन घटक यांच्या वलयात लब्धी सीमांतर ६ पट असता कला सीमांतर सु. ५३° येते. लब्धी तिप्पट केल्यास ती अनुक्रमे २ पट व सु. २०° इतकी उरतात. हेंड्रिक बोडे यांनी (१९४०) दाखविल्याप्रमाणे किमान कला प्रणालीत लब्धीच्या उतारावरूनच कला निश्चित होते : कंप्रता दशपट होताना लब्धी २० डेसिबेलने घटत असेल तर सु. ९०°, व ४० डेसिबेलने घटत असेल तर सु. १८०° कलाविलंब येतो. म्हणून लब्धी जेथे १ होते तेथे उतार सौम्य ठेवतात.

मात्र दोन्ही सीमांतरे समाधानकारक असूनही मधल्या एखाद्या कंप्रतेस वक्र −१ च्या अगदी निकट येऊ शकतो. लब्धी व कला एकाच वेळी थोडीथोडी बदलली, तर अशी प्रणाली अस्थिर होते. यासाठी वक्राचे या बिंदूपासूनचे किमान अंतर हे अधिक विश्वसनीय माप होय. ते ०·५ असल्यास लब्धी सीमांतर किमान २ पट (६ डेसिबेल) व कला सीमांतर किमान २९° असतेच. याचा व्यत्यास मात्र खरा नाही.

कला सीमांतरास (अरीयमानांत) लब्धी १ असतानाच्या कोनीय कंप्रतेने भागले असता विलंब सीमांतर मिळते. वरील उदाहरणात ते सु. २·१ सेकंदांवरून ०·३६ सेकंदावर येते. यावरून शीघ्र प्रतिसादाची किंमत स्पष्ट होते. ६०° चे कला सीमांतर ऐकण्यास भरघोस वाटते. परंतु लब्धी १ होण्याची कंप्रता दर सेकंदास १०० अरीयमान असल्यास अवघ्या ०·०१ सेकंदाच्या जादा विलंबाने ते जवळजवळ संपते.

मुळातच अस्थिर यंत्रणेत लब्धी अतिशय कमी होणेही घातक असते. त्यामुळे लब्धी सीमांतर दोन्ही बाजूंनी मोजावे लागते. १९८४ मध्ये प्रथम उड्डाण केलेले अमेरिकेचे एक्स-२९ हे पुढे झुकलेल्या पंखांचे प्रायोगिक विमान या प्रकारचे होते. त्याचे संगणक नियंत्रक पृष्ठांना सेकंदास ४० वेळांपर्यंत आज्ञा देत, कारण वैमानिकाच्या हातून इतक्या त्वरेने दुरुस्ती होणे शक्य नव्हते.