उरवड्याच्या परसात रास्पबेरी

चित्रांतली लाल रास्पबेरी थंड मुलखातली. तिच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात शेकडो तास ७ अंश सेल्सियसखालची थंडी लागते. मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात ही थंडी कुठून आणायची?

जमेल ती जात : मैसूर रास्पबेरी (रुबस निव्हियस). मूळची आशियातलीच, फळ आधी लाल, पिकल्यावर काळं-जांभळं. थंडीचा हट्ट नाही.

लागवड : पावसाळ्याच्या तोंडावर, कुजलेलं शेणखत घालून. मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून मुळशीच्या पावसात गादीवाफा किंवा उतारच बरा. काटेरी फांद्या दोन-तीन मीटर वाढून वाकतात. त्यांना तारेचा आधार द्यावा. वाकलेला शेंडा मातीत दाबला की मुळं फुटून नवं रोप मिळतं.

छाटणी : फळं मुख्यतः आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. फळून गेलेल्या फांद्या जमिनीलगत कापाव्यात.

तोडणी : पिकलं फळ अलगद सुटतं, पांढुरका गाभा झाडावरच राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच येतो.

जपून : पक्षी फळं खाऊन बिया दूरवर टाकतात. गॅलापागोस बेटांवर हीच जात उपद्रवी तण ठरली आहे. झुडपावर जाळी टाकावी, इतरत्र उगवलेली रोपं उपटावीत.