सुटे भाग आणि सामाईक खरेदी

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना छताच्या पंख्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. जुन्या शहरातील एखाद्या खोलीत पंखा मंदावला, तर पुष्कळदा त्यातील कंडेन्सर अशक्त झालेला असतो. घरगुती पंख्यांत तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या डब्यात तो असला म्हणजे पंखा घटकाभरात फिरू लागतो. नसला म्हणजे गिऱ्हाईक परत जाते आणि त्याची मजुरीही जाते. म्हणून हा प्रश्न आम्ही हौसेचा मानीत नाही, पोटाचा मानतो.

असे भाग थोडे घेतले की महाग का पडतात? बारीक रेझिस्टन्स कारखान्यातून पट्टीवर बसवून रिळाने येतात. एका रिळावर ५,००० नगसुद्धा असतात. परंतु रीळ तोडणे, नग मोजणे, पुडी बांधणे, टपालात टाकणे, हे श्रम दहा नगांना आणि शंभर नगांना जवळजवळ सारखेच. आम्ही जन्मभर मालकवर्गाशी भांडत आलो, तरी येथे दुकानदाराला लबाड ठरविण्यात अर्थ नाही. समजा, माल चाळीस रुपयांचा आणि टपाल साठ रुपयांचे; म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यास बुधवार पेठेत सुटा माल मिळतो; पण मूठभर नगांसाठी आगगाडीचे भाडे आणि बुडालेला रोज कोणास परवडणार?

इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली २८ कारागिरांनी पैसा पैसा जमवून पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या यांचे सामाईक दुकान काढले. पाच-सहा दुरुस्तीवाल्यांनी महिन्यातून एकदा एकच यादी करणे ही तीच गोष्ट होय.

मात्र यादीतील जाती आधी कमी केल्या पाहिजेत. रेझिस्टन्सच्या नेहमीच्या मालिकेत दर दशकाला १२ मूल्ये असतात: १०, १२, १५, १८, २२ अशी. ती सर्व साठविण्याची गरज नाही. १० हजार ओहमचे दोन एकापुढे एक जोडले तर २० हजार होतात, शेजारी शेजारी जोडले तर ५ हजार. पंख्याच्या कंडेन्सरशी मात्र असा खेळ करू नये. जो आकडा लिहिलेला असेल तोच घालावा. जुन्या पाट्यांवरील डायोड मीटरने तपासून वापरावेत. पण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवाच घ्यावा, कारण त्याच्या आतील द्रव वर्षांगणिक वाळत जातो.

राहिला खर्चाच्या वाटणीचा मुद्दा, आणि भांडणे होतात ती येथेच. टपालखर्च माणशी सारखा लावला, तर पन्नास रुपयांचा माल घेणारा पाचशेवाल्याचे ओझे वाहतो. तो मालाच्या किमतीच्या प्रमाणात लावावा. खराब निघालेले नग सर्वांच्या खाती टाकावेत, आणि पुडी उघडताना यादीतील निदान दोघे तरी हजर असावेत.