‘जव्हार’ हे नाव किती अक्षरांचे?

‘जव्हार’ हे नाव किती अक्षरांचे, या प्रश्नाला मराठी वाचक तीन असे उत्तर देईल आणि ते बरोबरच असेल. मात्र हेच नाव डिजिटल अर्जाच्या रकान्यात उतरले की युनिकोड या जागतिक लिपिसंकेतानुसार ते ज, व, हलन्त, ह, काना आणि र अशा सहा घटकांचे होते, यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागत असल्यामुळे ते १८ बाइटांचे होते, आणि युनिकोडच्या २०२३ पूर्वीच्या नियमांनी त्याचे सुटे भाग पाडले तर ‘व्हा’ हे जोडाक्षर मधोमध तुटून ते चार अक्षरांचे ठरते. शेजारचा ‘मोखाडा’ आणि जव्हार तालुक्यातील ‘वांगणी’ ही नावेही वाचताना तीन अक्षरांची, संकेतात सहा घटकांची आणि साठवणीत १८ बाइटांची आहेत. अर्ज तयार करणारे, भरणारे, तपासणारे आणि छापणारे सॉफ्टवेअर यांपैकी वेगवेगळी मोजणी गृहीत धरत असते, आणि एका पडद्यावर नेटका दिसणारा अर्ज दुसऱ्या पडद्यावर विस्कटतो त्याच्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात असून संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजांच्या या प्रदेशात जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची नोंदणी, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक दाव्याचा नमुना ‘अ’ अशा अर्जांवर कुटुंबाचे पुष्कळ काही अवलंबून असते. यांपैकी जो अर्ज संगणकावर भरला जातो तो क्वचितच एका यंत्रावर सुरू होऊन तिथेच संपतो. तो सेतू केंद्रातल्या संगणकावर किंवा एखाद्याच्या मोबाइलवर भरला जातो, कार्यालयातल्या दुसऱ्या प्रणालीत उघडला जातो आणि तिसऱ्याच प्रोग्रामातून छापला जातो. १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव राज्यभर पोहोचले. जिथे प्रत्येक बालकाचे वजन आणि वय नोंदले जाणे जीवनमरणाचे ठरले, तिथे नोंदीतले नाव दुसऱ्या नोंदीतल्या नावाशी जुळणे ही किरकोळ तांत्रिक बाब समजता येणार नाही. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हा ते मराठीत नसल्याबद्दल राज्यातील अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी आवाज उठवला होता. भाषा उपलब्ध होणे ही त्या प्रश्नाची पहिली पायरी होती, आणि त्या भाषेतले अक्षर एका यंत्रातून दुसऱ्यात शाबूत पोहोचणे ही पुढची.

या गोंधळाचा जुना थर फॉन्टांचा आहे. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हा राष्ट्रीय संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली, जिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. तरीही पुढची अनेक वर्षे कार्यालयांतले आणि छापखान्यांतले मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांसारख्या फॉन्टांच्या कुळांतच चालले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहतो आणि फक्त त्याचे चित्र मराठी दिसते. अशा फॉन्टात लिहिलेला पत्ता युनिकोड अर्जात चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटते. रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जागा बदलताना ते हमखास अडखळतात, कारण जुन्या फॉन्टांत ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने आणि युनिकोडमध्ये उच्चारली जातात त्या क्रमाने साठवलेली असतात.

युनिकोड आल्यावर साठवणीचा प्रश्न बराचसा सुटला, मात्र दिसण्याचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी सरकला. देवनागरीचे घटक साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवले तर वाचण्याजोगे अक्षर तयार होत नाही. ‘कि’मधली वेलांटी साठवणीत ‘क’नंतर असते आणि चित्रात ती आधी यावी लागते, जोडाक्षरांचे अर्धे रूप फॉन्टातून शोधून आणावे लागते, आणि हे काम करणाऱ्या प्रोग्रामला अक्षरजुळणी यंत्रणा म्हणता येईल. विंडोजची यंत्रणा वेगळी, ॲपलची वेगळी, आणि अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स व लिबरऑफिस वापरतात ती ‘हार्फबझ’ वेगळी. वेब पानावर भरायच्या अर्जात ब्राउझर आपली यंत्रणा आपोआप वापरतो, म्हणून तिथे अक्षर सहसा बिघडत नाही. भरण्याजोग्या पीडीएफमध्ये मात्र परिस्थिती अवघड होते.

पीडीएफ हे रूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले, त्यात भरण्याचे रकाने १९९६ च्या सुमारास आले आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. छापील पानाचे अचूक चित्र सर्वत्र सारखे दिसावे हा त्याचा हेतू होता. भरण्याचा रकाना त्या हेतूला छेद देतो, कारण अर्ज तयार होताना मजकूर अस्तित्वातच नसतो. म्हणून प्रत्येक रकान्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात: भरलेले मूल्य, म्हणजे नुसती अक्षरे, ती कोणत्या फॉन्टात व आकारात दाखवावीत याची सूचना, आणि त्यांचे तयार चित्र. अर्ज उघडणारा प्रोग्राम कधी तयार चित्र दाखवतो, तर कधी सूचना वाचून स्वतः नवे चित्र काढतो, आणि पीडीएफची नवी आवृत्ती दुसऱ्या मार्गापासून परावृत्त करत असली तरी जुने अर्ज आणि जुने प्रोग्राम दोन्ही वापरात आहेत. पीडीएफने गृहीत धरलेल्या चौदा प्रमाण फॉन्टांत देवनागरी एकही नाही. रकान्याच्या सूचनेत अर्ज तयार करणाऱ्याने विचार न करता हेल्व्हेटिका ठेवलेला असेल, तर मराठी नाव भरल्यावर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने पर्याय शोधतो: विंडोजवर मंगल किंवा निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर. अक्षरजुळणी करता न येणारा प्रोग्राम वेलांटी चुकीच्या बाजूला ठेवतो, आणि पर्यायच न सापडणारा रिकामे चौकोन छापतो. भरताना पडद्यावर अचूक दिसणारे नाव छापल्यावर बिघडते याचे कारणही यातच आहे: काही ब्राउझर भरण्यापुरती स्वतःची चौकट पानावर अंथरतात, तिथे त्यांची जुळणी उत्तम चालते, आणि जतन करताना मात्र चित्र दुसऱ्या वाटेने तयार होते.

अक्षराचा आकार ‘आपोआप’ ठेवला असेल तर अडचण आणखी वाढते. रकान्याच्या उंचीत मजकूर बसवण्यासाठी प्रोग्राम फॉन्टाची वरची आणि खालची मर्यादा मोजतो. ती रोमन फॉन्टाची मोजली गेली, तर देवनागरीतला रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. मोखाडा तालुक्यातल्या ‘सूर्यमाळ’ या गावाच्या नावात दीर्घ उकारही आहे आणि रफारही, म्हणजे एकाच रकान्यात दोन्ही टोकांची परीक्षा होते. एकेका अक्षरासाठी वेगळा चौकोन आखलेल्या रकान्यांचे नुकसान याहून मोठे आहे. पॅन किंवा पिनकोडसाठी सोयीची असलेली ही रचना देवनागरी नावासाठी वापरली, की काही प्रोग्राम प्रत्येक घटकाला एक चौकोन देतात; मग ‘जव्हार’चा हलन्त आणि काना स्वतंत्र चौकोनांत, बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेले दिसतात आणि जोडाक्षर नाहीसे होते. ‘न्याहाळे बुद्रुक’ या जव्हारमधल्या गावाचे पहिले पदच वाचकासाठी तीन अक्षरांचे आणि अशा रकान्यासाठी आठ चौकोनांचे आहे. डेटाबेसमध्ये लांबीची मर्यादा बाइटांत घातलेली असेल तर रोमन लिपीतले ३० अक्षरांचे नाव जिथे मावते, तिथे देवनागरीचे जेमतेम १० घटक मावतात. अर्जावर छापलेली ‘कमाल ५० अक्षरे’ ही सूचना यांपैकी कोणती मोजणी सांगते, हे भरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

मराठीचा खास प्रश्न अर्ध्या ‘र’चा आहे. ‘सूर्यमाळ’मध्ये र आणि य जोडले की रफार होतो आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ या रकान्याच्या शीर्षकात त्याच दोन व्यंजनांतून आडवा, पापणीसारखा र तयार होतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नसल्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या चाचण्यांत तो तपासलाच जात नाही. युनिकोडने या रूपासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त असा मार्ग दिला, पण जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा र, हलन्त आणि रुंदी नसलेले अदृश्य जोडचिन्ह हा दुसरा मार्गही मान्य ठेवला. दोन्ही मार्गांनी लिहिलेला ‘कातकऱ्यांचा’ हा शब्द डोळ्याला तंतोतंत सारखा दिसतो आणि संगणकाच्या शोधात वेगळा ठरतो. सुरक्षेच्या नावाखाली अदृश्य चिन्हे गाळून टाकणारा अर्ज दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या शब्दाचा थेट रफार करून टाकतो. ‘ॲ’चेही तसेच आहे: त्याला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधी तो अ आणि अर्धचंद्र जोडून लिहिला जात असे, आणि आजही दोन्ही प्रकार वेगवेगळ्या कळफलकांतून येत राहतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया, जी समान अर्थाच्या घटकरचना एकरूप करते, ती या दोन्ही जोड्यांना समान मानत नाही. तेवढी भर अर्ज तयार करणाऱ्या यंत्रणेने स्वतः घातली पाहिजे, आणि ती घालणे मुळीच कठीण नाही.

वर्ड प्रोसेसरमधल्या अर्जांत आणखी एक फरक लक्षात येतो. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिबरऑफिस या दोहोंत एकाच मजकुराला फॉन्ट, आकार आणि ठळकपणा यांच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात, एक रोमनसाठी आणि एक देवनागरी किंवा अरबीसारख्या जटिल जुळणीच्या लिपींसाठी. साचा तयार करणाऱ्याने पहिली नोंद १२ बिंदूंची ठेवली आणि दुसरीकडे लक्ष दिले नाही, तर एकाच ओळीत गट क्रमांकाचे इंग्रजी अंक एका आकारात आणि गावाचे नाव दुसऱ्या आकारात उमटते, आणि असा भेद न ठेवणाऱ्या प्रोग्रामात तीच फाइल उघडली की ओळी नव्याने तुटतात, तक्त्याचे रकाने खाली सरकतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. भाषेची नोंद न ठेवण्याचा परिणाम अक्षरवळणावरही होतो. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण ठरवले. एकाच फॉन्टात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असू शकतात, मात्र मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितले तरच तो मराठी वळण निवडतो. देवनागरी अंकांचीही गत अशीच असून, अनेक अर्जांचे तपासणीचे नियम फक्त इंग्रजी अंक ओळखतात आणि ‘२०१४’ हे वर्ष अंकच नाही असे सांगून अर्ज परत करतात.

दिसण्यातल्या या भेदांपेक्षा जुळण्यातले भेद जास्त नुकसान करतात, कारण वाकडे छापलेले नाव माणूस वाचून घेतो, पण संगणक न जुळलेले नाव नाकारतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ अशी रूपे शेजारी शेजारी दिलेली आहेत, म्हणजे यादी करणाऱ्यांनी उच्चारभेद मान्य केला होता. अर्जातल्या घटकभेदाला मात्र अशी मान्यता नाही. ‘वावर-वांगणी’मधली आडवी रेघ एका प्रोग्रामात साधी राहते आणि दुसऱ्यात आपोआप लांब होते, तिसऱ्यात तिच्या जागी मोकळी जागा येते, रोमन लिपीत वांगणीची सुरुवात कुणी व्ही या अक्षराने करतो तर कुणी डब्ल्यूने, आणि वर ठाणे जिल्ह्यात बदलापूर व नेरळ यांच्यामधल्या रेल्वे स्थानकाचे नावही वांगणीच आहे. अशा ठिकाणी गाव ओळखण्याचे काम नावावर सोपवणे चुकीचे असून ते जनगणनेत किंवा स्थानिक शासनाच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला दिलेल्या क्रमांकाने व्हायला हवे, आणि नाव वाचण्यासाठी ठेवावे. व्यक्तीच्या नावाबाबत दोन नोंदींची तुलना प्रमाणीकरणानंतर, अदृश्य चिन्हे व दुहेरी रूपे एकरूप करून व्हावी, आणि तरीही फरक उरला तर तो अर्जदाराला नव्याने दाखला आणायला लावण्याआधी कर्मचाऱ्याच्या डोळ्यांखालून जावा.

अर्ज लोकांसमोर ठेवण्यापूर्वी तो तपासण्याची रीतही ज्या प्रदेशासाठी तो आहे त्या प्रदेशातूनच घेता येते. जव्हार, न्याहाळे बुद्रुक, सूर्यमाळ, डोल्हारा, कुर्लोद, चांभारशेत, वावर-वांगणी ही नावे आणि ‘शेतकऱ्याचे’ हा एक शब्द मोबाइलवर भरावा, विंडोजवर उघडावा, लिबरऑफिसमध्ये किंवा दुसऱ्या वाचकप्रोग्रामात जतन करावा, कागदावर छापावा, आणि शेवटी जतन केलेल्या फाइलीतून रकान्यांची मूल्ये बाहेर काढून मूळ घटकांशी एकेक करून ताडून पाहावीत.